दक्षिणेस आत्याचे शेत

सोमवार, ४ ऑक्टोबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटं.

ताई,

कचेरीचं दार अजून अर्धंच उघडलं आहे. मी पिनांच्या डबीतून गंजलेल्या पिना वेगळ्या करत बसलो होतो. गंजकी पिन कागदाला टोचली की वर्षा-दोन वर्षांत तिच्याभोवती तांबूस डाग पसरतो, आणि तो नेमका आकड्यावर आला तर एकाचा नऊ होऊन बसतो. म्हणून ही पिन उजेडात धरून पाहिली आणि मगच सोबतच्या कागदाला लावली.

तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आडवळणानं सांगायला मला जमत नाही. बाबा आणि काका जमीन वाटून घेत आहेत. अर्धी काकांची, अर्धी बाबांची. बाबांच्या अर्ध्यावर आपल्या दोघांचा हक्क आहे. वाटणीपत्राची नोंदणी व्हायची तर तुझ्या हक्काचं काय झालं हे कागदावर यावं लागतं. काका म्हणतात, नऊ वर्षांत तू फिरकली नाहीस, त्याअर्थी तुला काही नको आहे. तरी ते रोख रक्कम देणार आहेत. ती दुसऱ्या परिच्छेदात आहे, आकड्यात आणि अक्षरात. दोन्ही जुळतात, मी ताडून पाहिलं.

सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली केली आहे. सही झाल्यावर ती खोडता येईल. तिथल्याच दोन साक्षीदारांच्या सह्या घे, त्यांचे पत्ते पूर्ण असावेत.

तुझा पत्ता तुमच्या रोपवाटिकेच्या छापील यादीवर मिळाला. वकीलसाहेबांनी खिडकीतल्या कुंड्यांसाठी ती मागवली होती. शेवटच्या पानावर 'कलम विभाग' अशा अक्षरांखाली तुझं नाव होतं. तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो, आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. आता पाच वर्षं मी या वकीलसाहेबांकडे नकलनवीस आहे. जुना दस्त समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा उतरवायचा. अक्षर बरं आहे आणि चूक राहिली तर मला जेवण जात नाही, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं.

काका म्हणाले, "चार ओळी लिही, निबंध लिहू नकोस." चार ओळी केव्हाच झाल्या.

बाबा बरे आहेत.

तुझा भाऊ,
खोडरबर
(घरात अजून सगळे हेच म्हणतात. नाव ठेवणारी गेली, नाव राहिलं.)


मंगळवार, १२ ऑक्टोबर. दुपारी एक.

ताई,

डबा खाऊन हात धुतले, पुसले, आणि मग हे लिहायला घेतलं.

कागद पोचला. सही आहे, साक्षीदार आहेत, चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, मग कडांनी उसवून सपाट करून पाहिलं. काही नव्हतं. सही तू बरोबर फुलीवर केली आहेस, आणि इतकी दाबून, की मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी हाताला लागते. रकमेचा परिच्छेद मात्र तू आडव्या रेघेने खोडलास आणि समासात लिहिलंस, 'पैसे नकोत.'

खाडाखोड केली की तिच्याखाली पुन्हा सही करावी लागते. ती तू केलेली नाहीस. त्यामुळे हा कागद चालेल की नाही हे वकीलसाहेबांना विचारायला हवं. अजून विचारलेलं नाही. कागद आला आहे हे काकांनाही सांगितलेलं नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात, टीपकागदाखाली आहे.

मधल्या काळात वकीलसाहेबांनी आपल्या घरचं दप्तर लावायचं काम माझ्याकडेच दिलं. ती लोखंडी पेटी, जिच्यावर बसून तू मला पाढे विचारायचीस, ती आता इथे कचेरीत आहे. पणजोबांपासूनचे दस्त फडक्यात बांधलेले आहेत. खरेदीखतं, गहाणखतं, दोन मृत्युपत्रं, आणि एक नकाशा, जो उलगडला की आठ ठिकाणी सुटतो. आपले पूर्वज 'चंद्र-सूर्य असेपर्यंत' म्हणून जमीन घेतात आणि पुढच्याच दुष्काळात गहाण टाकतात. चंद्र-सूर्य बिचारे आपल्या जागी असतात.

प्रत्येक दस्ताच्या शेवटी चतुःसीमा असते. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस काय. जमिनीला स्वतःचा चेहरा नसतो, म्हणून तिची ओळख शेजाऱ्यांवरून पटवायची. नकलनविसाचा नियम असा, की चतुःसीमेला हात लावायचा नाही. मुळात जे असेल ते उतरवायचं. खालच्या शेताच्या पूर्वेला एक तुतीचं झाड होतं. ते बाबांच्या जन्माआधीच वादळात पडलं म्हणतात. दस्तांत ते अजून उभं आहे, आणि आमच्यासारख्यांच्या हातून पुढेही उभं राहील.

वकीलसाहेबांना मी हे सांगितलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे, चतुःसीमा घरजावयासारखी असते. असावी लागते, पण तिला कुणी विचारत नाही."

मी मात्र वाचायला लागलो आहे. पुढच्या पत्रात सांगतो.

बाबा बरे आहेत. कप दोन्ही हातांनी धरतात, एवढंच.

खोडरबर


बुधवार, २० ऑक्टोबर. सकाळी पावणेआठ.

ताई,

काल काका कचेरीत आले होते. आले की ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसतात आणि माझे सगळे टाक, रूळ, दौती एका बाजूला सरकतात.

"काय रे, आलं का तुझ्या ताईचं?"

"टपालाचं काही सांगता येत नाही, काका."

"टपाल पायी येतंय का?"

"आडगावचं टपाल आहे."

"आडगावचं! तिथली झाडं विकायला चौकात येतात आणि कागद तेवढा वाटेत बसतो होय?"

मी दौतीचं झाकण लावत बसलो. ते आधीच लावलेलं होतं. काकांशी मी कधी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे कसं बोलतात ते माहीत नव्हतं. कानांच्या पाळ्या तापल्या. काकांच्या लक्षात आलं नाही. ते माझ्याकडे फारसं बघतच नाहीत.

"तिची सही आली की तुझं घोडं गंगेत न्हालं," ते म्हणाले. "माडीवरच्या दोन खोल्या तुझ्या नावावर. शेताचं मी बघतो. तुझ्या हातून काय शेती होणार? तू नांगराचं शुद्धलेखन तपासत बसशील."

वकीलसाहेब हसले. मीही हसलो.

माडीचं मी तुला आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. ठरलं होतं ते असं, की तू हक्क सोडायचास, बाबांची अर्धी जमीन एकट्या माझ्या नावावर यायची, आणि मी ती काकांना कायमची कसायला द्यायची. बदल्यात माडी माझी. ताई, मला दोन खोल्यांचा मोह आहे. त्यातल्या एका खोलीला कडी आहे आणि खिडकीशी टेबल मावतं, इतकं मी मोजून ठेवलं आहे. फुली काढली तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

आता दप्तरात काय वाचलं ते सांगतो.

विहीर ज्या शेतात आहे, लिंबांची झाडं ज्यात आहेत, त्याला आपण काय म्हणतो? आत्याचं शेत. "आत्याच्या शेतात पाणी सोड," "आत्याच्या शेतातली लिंबं आण." ही आत्या म्हणजे बाबांची आत्या, आजोबांची थोरली बहीण. आपण दोघांनीही तिला पाहिलेलं नाही. ती लवकर एकटी पडून माहेरी आली, आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत ते शेत तिनेच केलं. विहीर तिने खणून घेतली. हे सगळ्यांनाच माहीत आहे, यात लपलेलं काही नाही.

पण त्या शेताचा स्वतःचा दस्त मी काढला, तर त्यावर पणजोबांचं नाव. त्यांच्यानंतर आजोबांचं. तिचं कुठेच नाही. मग मी त्याच्या भोवतीच्या शेतांचे दस्त काढले. खालच्या शेताच्या चतुःसीमेत लिहिलं आहे, 'दक्षिणेस आत्याचे शेत.' ओढ्याकाठच्या तुकड्यात, 'पश्चिमेस आत्याचे शेत.' शेजाऱ्यांच्या खरेदीखतांतही तेच. वेगवेगळे नकलनवीस, वेगवेगळ्या शाया, आणि प्रत्येकाने ते जसंच्या तसं उतरवलं, कारण चतुःसीमेला हात लावायचा नसतो. चारही बाजूंनी ते शेत तिचं आहे. फक्त आत शिरलं की तिचं नाही.

तू गेलीस त्या सकाळी बाबांना म्हणाली होतीस, "दहा वर्षं मी हे शेत करते आहे आणि या घराच्या एका कागदावर माझं नाव नाही." बाबा म्हणाले होते, "कागदाचं काय एवढं?" मी जिन्यावर होतो. मला तेव्हा वाटलं, बाबांचं बरोबर आहे, कागदाचं काय एवढं. आता मी कागदांतच बसतो.

अठ्ठावीस तारखेला मला घरी मसुदा वाचून दाखवायचा आहे. तुला शेत खरंच नको असेल तर 'नको' एवढंच लिही. मी तुझा कागद काकांच्या हातात देईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण मागच्या कागदावर तू 'पैसे नकोत' लिहिलंस. 'शेत नको' असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दोन्ही बाजू पाहिल्या.

बाबा बरे आहेत. आता जिना चढत नाहीत.

खोडरबर


शुक्रवार, २९ ऑक्टोबर. सकाळी साडेसहा.

ताई,

तुझं कार्ड सोमवारी आलं. त्यावर पत्ता सोडला तर एकच ओळ. 'विहिरीला पाणी आहे का?'

मी कचेरीतून परस्पर शेतात गेलो. लोकांनी विहिरीवर झापा टाकला आहे, तो बाजूला केला. दोराला दगड बांधून सोडला. दोर जुना होता, निम्म्यात तुटला, आणि दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला. चांगला खोल आवाज आला. तेव्हा उत्तर, आहे. लिंबाच्या झाडांपैकी दोन वठली आहेत. बाकीच्यांना कुणी हात लावलेला नाही, आतल्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत. तुला बघवणार नाही.

त्यानंतर मी मसुदा नव्याने लिहिला.

काल संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो. बाबा आरामखुर्चीत, काका पलंगावर मांडी घालून, काकू दारात तांदूळ निवडत. मी उभं राहून वाचत होतो. काकांच्या वाटणीपर्यंत सगळं नीट झालं. मग माझा हिस्सा आला, खालचं शेत.

"चतुःसीमा सोड रे," काका म्हणाले. "मुद्द्याचं वाच."

"वाचावी लागते, काका."

"तू कुणापुढे वाचतोयस? आम्ही जन्मापासून त्या बांधांवर फिरतोय."

मी वाचलं. "पूर्वेस तुतीचे झाड. पश्चिमेस गाडीवाट. उत्तरेस ओढा. दक्षिणेस थोरल्या बहिणीचे शेत, पूर्वीचे आत्याचे."

काकांनी मांडी मोडली. "ही कोण थोरली बहीण?"

"अहो, त्याला बहिणी किती आहेत?" काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

"तू थांब. अरे, तिची सही येणार होती ना?"

"आली आहे," मी म्हणालो. खिशातून कागद काढला आणि बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. "बारा तारखेपासून माझ्याकडे आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाही होती. लावायची की नाही ते बाबांनी सांगायचं. लावायची असेल तर मी आत्ता बसून मसुदा बदलतो."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला नीट पाहिलं. "खोडरबर," ते म्हणाले, "तुला माडी नको आहे का?"

"हवी आहे," मी म्हणालो. माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

बाबांनी कागद उचलला. त्यांच्या हातात तो हलत होता, म्हणून मी खालून धरला. त्यांनी तुझी सही पाहिली. मग समासातलं वाचलं.

"हिने पैसे खोडले," ते म्हणाले.

काकूंचं सूप थांबलं.

"आत्याने पण कधी काही मागितलं नाही," बाबा म्हणाले. ते काकांशी बोलत होते. "आठवतं का? आत्या गेली, तिला नेऊन माणसं अजून परत यायची होती. आणि आपण दोघं तिच्या शेतातली लिंबं उतरवत होतो."

"लहान होतो आपण, दादा."

"हो. पोतं मात्र मोठं होतं."

काका खिडकीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आणि ती इथे राहणार नाही, करणार नाही, मग कुंपण कोण घालणार? पाणी कोण बघणार?"

"तिला येतं ते सगळं," बाबा म्हणाले. "तुझ्यापेक्षा बरं येतं. म्हणून तर गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उभा काय राहिलास? पुढे वाच."

मी पुढे वाचलं. तुझ्या हिश्श्याचा परिच्छेद वाचला, आत्याचं शेत, विहिरीसह, लिंबांच्या झाडांसह. त्याची चतुःसीमा वाचली, आणि या वेळी कुणीही सोड म्हणालं नाही. शेवटी काका उठले, चपला पायांत सरकवल्या, आणि दारातून म्हणाले, "मोजणीची फी मग दोघांत नाही. तिघांत."

काकांची संमती अशीच असते. तुला माहीत आहे.

खोडरबर


बुधवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी पाच.

ताई,

आज नोंदणी झाली. नोंदणी कचेरीत बाकावर आमच्या आधी दोन कुटुंबं होती. एकमेकांकडे पाठ करून बसली होती, त्यावरून तीही वाटणीला आली असावीत. आपल्यात काका बाबांच्या शेजारी बसले होते आणि त्यांची काठी धरून होते.

नोंदणीसाहेबांनी बाबांपुढे दस्त सरकवला. बाबांची सही तुला आठवत असेल. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून पहिल्या अक्षराला मिळायची, आणि आपण पाटीवर ती गिरवायचो. बाबांनी पेन हातात घेतलं, कागदापर्यंत नेलं, आणि परत ठेवलं. म्हणाले, "शाई आणा."

त्यांनी अंगठा दिला. मी चिंधीने त्यांचा अंगठा पुसला. शाई पूर्ण निघाली नाही. घरी येताना ते तो अंगठा मुठीत झाकून चालत होते.

मी चार पत्रं लिहिली. चौथ्यात ते बरे आहेत असं लिहिलं नाही, कारण लिहवेना. ते बरे नाहीत. डॉक्टर म्हणतात, हात आधी गेला, पाय जातील, आणि किती दिवसांत ते सांगता येत नाही. बाबांनी मला लिहू नकोस म्हणून बजावलं होतं. म्हणाले होते, "ती दयेपोटी यायला नको." म्हणून मी आधी शेताचं लिहिलं आणि हे मागे ठेवलं. आता शेत तुझं झालं आहे, नोंदलं गेलं आहे. तू आलीस तर तुझ्या स्वतःच्या जमिनीवर येशील. दयेचा प्रश्न राहिला नाही.

आणि यावं लागेल. मोजणीदार मंगळवारी, १६ नोव्हेंबरला, सकाळी आठला येणार आहेत. त्यांचा नियम असा, की बांधाच्या दोन्ही बाजूंचे मालक समोरासमोर उभे असल्याशिवाय ते साखळी टाकत नाहीत. मागाहून 'मी नव्हतो, दगड सरकवला' अशी तक्रार नको म्हणून. उत्तरेकडून खालच्या शेतात मी उभा राहीन. दक्षिणेला कुणी नसेल तर ते सामान गुंडाळून परत जातात. वकीलसाहेबांना विचारून खात्री केली.

बाबांनी आज दोनदा विचारलं की त्यांची खुर्ची बांधापर्यंत नेता येईल का. काका म्हणाले, "मी नेतो, पण तुझ्यासकट नेणार नाही. तू चालायचंस." बाबा हसले.

माडीच्या दोन खोल्यांपैकी एक काकांनी मला दिली. कडी नसलेली. कडी मी बसवून घेईन.

तुझं हक्कसोडपत्र सोबत परत पाठवतो आहे. कुठेही लावलेलं नाही. पेन्सिलची फुली खोडली, कागद फाटू दिला नाही. तुझी सही शाईची आहे, ती तशीच आहे. पिन तीच. अजून गंजलेली नाही.

हिशोब असा.

झालेला खर्च:
हक्कसोडपत्राचा मुद्रांक (वाया गेला) : १००
टपाल, या पत्रासह : १५०
विहिरीसाठी नवा दोर : २२०
नोंदणी फी, तुझी-माझी मिळून : ६००
मोजणीची फी, माझा वाटा : ४००
मोजणीची फी, तुझा वाटा : ४००
एकूण : १८७०

मुद्रांक चुकीच्या कामाला आणला, तो माझ्याकडे. टपाल मीच सुरू केलं, तेही माझ्याकडे. नोंदणी फी बाबांनी मला परत दिली. दोर राहू दे, जुना माझ्या हातून तुटला.

तुझ्याकडून येणे : ४००.
समक्ष, बांधावर. टपालाने घेणार नाही.

खोडरबर